संत ऑगस्टीनचें भग्न चर्च : जीर्णोद्धार कीं जीर्णरक्षण ?

१

जुनी पोथी हातीं आली आणि तिचीं मधलीं चार पानें गहाळ असलीं, तर संशोधकानें काय करावें याविषयीं आतां वाद उरलेला नाहीं. पानें गहाळ आहेत असें त्यानें स्पष्ट लिहावें. अक्षर उडालें असेल तेथें जागा मोकळी सोडावी. आणि स्वतःचें अनुमान सांगावयाचें झाल्यास तें कंसांत किंवा टीपेंत सांगावें. मूळ ग्रंथकाराच्या तोंडीं आपले शब्द घालणाऱ्यास आपण संपादक म्हणत नाहीं. त्यास निराळें नांव आहे. राजवाड्यांनीं अस्सल कागद जसाच्या तसा छापण्याचा आग्रह धरला तो याच कारणास्तव. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध केली, तींत ज्या पाठाविषयीं संपादकांची पुरती खात्री नव्हती त्याच्याखालीं नागमोडी रेघ ओढलेली आहे. वाचकाला आपल्या शंकेंत सहभागी करून घेण्याची ही रीति सर्वांनींच उचलण्यासारखी आहे.

कागदाविषयीं इतके दक्ष असणारे आपण दगडाच्या बाबतींत मात्र फार सैल होतों. ढासळलेली कमान पुन्हां उभी केली, काळवंडलेली भिंत घासून लख्ख केली, भेगांत सिमेंट भरलें, भोंवतीं हिरवळ लावली, म्हणजे वास्तूचें रक्षण झालें असें धरून चालण्याचा प्रघात पडला आहे. भग्न वास्तु हाही एक लेख आहे व तिला हात लावणारा त्या लेखाचा संपादक आहे, ही दृष्टि अजून आपल्यांत रुजलेली नाहीं. जुन्या गोव्यांतील संत ऑगस्टीनच्या चर्चचे अवशेष समोर ठेवून या प्रघाताची चिकित्सा करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२

प्रथम वास्तूची हकीकत. ऑगस्टीनियन पंथाचे संन्यासी इ. स. १५७२ मध्यें गोव्यास आले. जुन्या शहरांतील ‘मोंते सांतो’ म्हणजे पवित्र टेकडी, तिच्यावर त्यांनीं आपला मठ व त्यास लागून ‘कृपेची माता’ हिच्या नांवानें हें चर्च उभारलें. बांधकाम १५९७ मध्यें आरंभून १६०२ मध्यें पुरें झालें असें मानण्यांत येतें. आंत आठ सजविलेलीं चॅपेलें, चार वेद्या, नांवें व कुलचिन्हें कोरलेल्या थडग्यांच्या शिला, भिंतींवर झिलईच्या रंगीत फरशा आणि वर प्रचंड कमानी छत असा त्याचा थाट होता. युरोपच्या कालविभागणीप्रमाणें ही वास्तु मध्ययुगाच्या सीमेपलीकडची ठरेल. परंतु आपल्याकडे ती आदिलशाही व निजामशाही यांच्या समकालीन, म्हणून आपल्या हिशेबानें ती मध्ययुगीनच समजली पाहिजे.

पोर्तुगीज सरकारनें संन्याशांचे मठ बंद केले, आणि १८३५ पासून हें चर्च ओस पडलें. त्यानंतर अवघ्या सात वर्षांत, १८४२ सालीं, छत कोसळलें. येथील मोठी घंटा १८७१ मध्यें पणजीच्या चर्चवर बसविण्यांत आली. १९३१ मध्यें दर्शनी भिंत व मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. १९३८ मध्यें आणखी कांहीं भाग ढासळला. आज उभा आहे तो सुमारें ४६ मीटर उंचीचा, एका अंगानें फाटलेला, जांभ्या दगडाचा मनोरा. आणि त्याच्या पायथ्याशीं कमी-अधिक उंचीच्या भिंती व थडग्यांच्या शिला.

या सनावळींत एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. छत पडल्यापासून दर्शनी भिंत पडेपर्यंत एकोणनव्वद वर्षें गेलीं. तितके पावसाळे त्या भिंतीनें उघड्या माथ्यानें काढले. छत होतें तोंवर भिंतींना एकमेकींचा आधार होता आणि माथ्यावर आच्छादन होतें. तें जातांच पाणी भिंतीच्या पोटांत शिरण्यास वाट मोकळी झाली. अमुक सालीं वास्तु पडली असें आपण लिहितों, परंतु दगड पडण्याच्या कितीतरी आधीं दरजांतील चुना वाहून गेलेला असतो. आणि चुना वाहून जात असतांना त्याची नोंद कोणी करीत नाहीं. ज्या काळांत पिसुर्लेकर गोव्याच्या दफ्तरांतून मराठे-पोर्तुगीज संबंधांचे कागद धीरानें उजेडांत आणीत होते, त्याच काळांत हा दर्शनी भाग जमीनदोस्त झाला. कागदाला वाली मिळाला, दगडाला मिळाला नाहीं.

३

आतां या दगडाच्या स्वभावाकडे वळूं. कारण ज्यास लेखाची लिपि वाचतां येत नाहीं त्यानें संपादनाच्या भानगडींत पडूं नये. जांभा खाणींतून निघतांना मऊ असतो व सहज तासतां येतो. वारा-ऊन लागल्यावर तो टणक होतो. बुकॅनननें १८०७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांत विटेच्या लॅटिन नांवावरून यास ‘लॅटेराइट’ असें नांव दिलें, तें या गुणास धरूनच आहे. लोहसंयुगांचें कठीण जाळें आणि त्याच्या पोकळ्यांत बसलेली मऊ माती, असें या दगडाचें अंतरंग असतें. गोव्यांत वर्षाला सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, व तो बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो. अशा माऱ्याखालीं उघड्या जांभ्यांतील माती धुपते व चिरा पोखरत जातो. म्हणून जुन्या कारागिरांनीं मोठ्या वास्तूंचा जांभा उघडा ठेविला नाहीं. त्यावर चुन्याचा गिलावा केला. गिलावा हें त्या भिंतीचें नुसतें लेणें नसून तिची कातडीच होती.

चुन्याचा गुण असा कीं, तो दगडाहून मऊ असतो व त्यांतून ओल येऊं-जाऊं शकते. भिंतींत शिरलेलें पाणी चुन्याच्या दरजांवाटे बाहेर पडतें. झीज व्हावयाची ती चुन्याची होते, दगड वांचतो. आणि कांहीं वर्षांनीं दरजा पुन्हां भरल्या कीं भिंत पूर्ववत् होते. सिमेंटची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तें जांभ्याहून कठीण व पाण्याला वाट न देणारें. दरजेंतून निघूं न शकलेलें पाणी मग दगडांतून निघतें, जातांना आपल्याबरोबरचे क्षार दगडाच्या पृष्ठभागाशीं सोडून जातें, व त्या क्षारांनीं दगड पापुद्र्यापापुद्र्यानें सुटूं लागतो. कोंकणांत सिमेंटनें दरजा भरलेली जुनी भिंत ज्यानें पाहिली असेल, त्यास हा देखावा ठाऊक असेल: सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढें उभ्या, आणि त्यांच्या चौकटींत चिरे बोट-बोट आंत गेलेले. बाहेरून पाहणारा म्हणतो, काम मजबूत आहे, सिमेंट अजून जसेंच्या तसें आहे. खरें आहे; सिमेंट उरलें आहे, वास्तु गेली आहे.

पोथ्यांचा संग्रह करणाऱ्यांस हें निराळें समजावून सांगावयास नको. जीर्ण पानाला जाड ताठ कागदाची पट्टी व घट्ट खळ लावली, तर पान फाटतें तें पट्टीच्या कडेशीं, आणि फाटतें तें मूळ पान. पट्टी शाबूत राहते. म्हणून जाणता मनुष्य पानाहून हलका कागद व पाण्यानें सुटेल अशी खळ वापरतो. जोड हा मुळापेक्षां दुबळा असावा, व चूक कळल्यास तो काढतां यावा, हे दोन नियम कागदास जसे लागू आहेत तसेच दगडासही आहेत.

दुसऱ्या नियमाची किंमत अथेन्सच्या लोकांनीं चांगलीच मोजली आहे. तेथील गडावरील प्राचीन देवळांचें काम १८९८ ते १९३३ या काळांत बालानोस नामक अभियंत्याच्या हातीं होतें. त्यानें संगमरवरी दगड जोडण्यास लोखंडाच्या पट्ट्या वापरल्या. प्राचीन कारागीर अशा पट्ट्यांना शिशाचें वेष्टण देत असत. तें यानें दिलें नाहीं. लोखंड गंजून फुगलें व त्यानें ज्या दगडांना धरावयाचें तेच फोडले. १९७५ पासून तेथें चालू झालेल्या कामांत या पट्ट्या काढून त्यांजागीं टायटेनियम धातूच्या बसवाव्या लागल्या. बालानोस अडाणी नव्हता. आपल्या काळचा उत्तम उपाय आपण योजीत आहों असें त्यास वाटत होतें, आणि तसें आज आपणांसही वाटतें. यासाठींच आपला उपाय पुढच्या पिढीस उलटवितां येईल असा असावा.

४

संत ऑगस्टीनच्या शेजारचें बॉम जेजूचें चर्च हें चुकीच्या संपादनाचें दुसरें उदाहरण आहे, व तें अधिक बोधप्रद आहे; कारण तेथें मूळ पाठच गाळला गेला. हें चर्च १५९४ ते १६०५ या काळांत बांधलें गेलें. त्याच्या दर्शनी बाजूच्या कोरीव कामाचा काळा दगड आपल्या वसईहून नेलेला आहे. बाकीच्या भिंती जांभ्याच्या असून त्यांवर चुन्याचा गिलावा होता. १९५० नंतरच्या दशकांत पोर्तुगीज अमदानींतच हा गिलावा खरवडून काढण्यांत आला. वास्तु प्राचीन दिसावी, हा हेतु. परिणाम असा झाला कीं साडेतीन शतकें झांकलेला जांभा पावसाला उघडा पडला आणि झिजूं लागला. २०२० मध्यें तेथील धर्माधिकाऱ्यांनींच गिलावा पुन्हां करावा अशी जाहीर मागणी केली.

या मागणीस जो विरोध झाला त्यांतील एक सूर असा होता कीं, लोकांना हें चर्च तांबड्या दगडाचें म्हणूनच ठाऊक आहे, तें पांढरें केल्यास त्याचें रूप पालटेल. हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाहीं. लेखनिकाची चूक चार प्रतींत उतरली म्हणून ती मूळ पाठ होत नाहीं. येथें गिलावा होता यास जुन्या चित्रांचा पुरावा आहे, भिंतीच्या घडणीचा पुरावा आहे, आणि वास्तूंत आजही उपासना चालते. अशा ठिकाणीं चुन्याचा गिलावा पुन्हां करणें म्हणजे अनुमानानें भर घालणें नव्हे. गाळलेला पाठ परत देणें होय.

परंतु यावरून कोणी संत ऑगस्टीनच्या मनोऱ्यालाही गिलावा करूं म्हणेल, तर तें मात्र चूक होईल. तेथें आज जें आहे तें भग्न म्हणून आहे. फुटलेल्या कमानीची कड, भिंतीच्या पोटांतील भरीव काम, उरलेल्या गिलाव्याचे तुकडे, हें सर्व उघडें वाचतां येतें. तेथें गिलाव्याच्या उरलेल्या तुकड्यांच्या कडा चुन्यानें बंद करून ते जागच्या जागीं टिकवावे. उघड्या दरजा चुन्यानें भराव्या. भिंतीच्या माथ्यावर पाणी वाहून जाईल असा चुन्याचा उतार द्यावा, परंतु माथा सरळ रेषेंत कापूं नये. मनोऱ्याच्या भेगांवर कांचेच्या पट्ट्या बसवून त्या कधीं तडकतात याची तारीखवार नोंद ठेवावी. वड-पिंपळाचें रोप उगवतांच काढावें. मूळ भिंतींत खोल गेल्यावर तें ओढून काढणें म्हणजे भिंतच ओढून काढणें होय, अशा वेळीं मूळ कापून, मारून, मग पोकळी पातळ चुन्यानें भरावी. कामें लहान आहेत, दर वर्षीं करण्याचीं आहेत, आणि त्यांच्या उद्घाटनाचा समारंभ होऊं शकत नाहीं. बहुधा म्हणूनच तीं मागें पडतात.

५

आपल्या भाषेंत जीर्णोद्धार हा मोठा पुण्याचा शब्द आहे. अहिल्याबाईंनीं काशीविश्वेश्वराचें देऊळ बांधलें त्याविषयीं कोणता मराठी मनुष्य कृतज्ञ नसेल? परंतु जीर्णोद्धार हा देवतेसाठीं व उपासकासाठीं असतो. जेथें देवता आहे, पूजा आहे, तेथें पडलेलें शिखर पुन्हां चढविणें हा धर्मच होय. जेथें उपासना थांबून पावणेदोनशें वर्षें उलटून गेलीं, तेथें वास्तूचा उपयोग एकच उरतो, तो म्हणजे तिची साक्ष. साक्षीदाराचा जीर्णोद्धार करूं गेल्यास साक्ष बिघडते. मार्शल यानें १९२३ च्या आपल्या संरक्षणविषयक हस्तपुस्तकांत हेंच तत्त्व घातलें होतें कीं, वास्तूचा अस्सलपणा गेला म्हणजे तिचें ऐतिहासिक मोलही जातें, म्हणून पहिलें कर्तव्य नवें करण्याचें नसून असलेलें टिकविण्याचें आहे. १९६४ च्या व्हेनिस येथील सनदेनेंही अनुमानाची हद्द सुरू होते तेथें पुनर्रचनेचें काम थांबविलें आहे. आम्ही यास जीर्णरक्षण म्हणतों, व जीर्णोद्धाराहून हें वेगळें ओळखावें असें सुचवितों.

याच्या उलट दुसरें एक मत आहे, तें रसिकांचें. भग्नावशेष जसे आहेत तसे काळाच्या हातीं सोडावे, वेली चढूं द्याव्या, त्यांतच त्यांची शोभा आहे, असें हें मत सांगतें. थंड व मंद पावसाच्या देशांत तें कांहीं काळ चालूनही जाईल. आपल्या कोंकणांत मात्र सोडून देणें म्हणजे पाडणें. १८३५ ते १९३८ या शतकभरांत या चर्चची जी गति झाली, ती या मताची पुरेशी परीक्षा आहे.

६

तिसरें मत नीटनेटकेपणाचें. राडारोडा उचलावा, जमीन सारखी करावी, पाहणाऱ्यास नकाशा समजेल अशा भिंती उघड्या कराव्या. यांत तथ्य आहे. परंतु राडारोडा हेंही त्या पोथीचेंच पान आहे, हें विसरून चालत नाहीं. संत ऑगस्टीनच्या ढिगाऱ्यानेंच हें सिद्ध करून दाखविलें.

जॉर्जियांतील काखेती प्रांताची राणी केतेवान हिला शाह अब्बास पहिला याच्या आज्ञेवरून १६२४ मध्यें शिराज येथें छळ करून मारण्यांत आलें. धर्म सोडण्यास तिनें नकार दिला होता. तेथील ऑगस्टीनियन संन्याशांनीं तिच्या अस्थींपैकीं कांहीं मिळविल्या व १६२७ मध्यें त्या गोव्याच्या मठांत आणल्या. मठसभेच्या चॅपेलांत दुसऱ्या खिडकीपाशीं त्या ठेविल्या होत्या, अशी नोंद पोर्तुगीज कागदांत होती. चॅपेल मात्र ढिगाऱ्याखालीं गेलें होतें. भारतीय पुरातत्त्व विभागानें १९८९ पासून येथील ढिगारा उपसण्यास आरंभ केला. कागदांतील खुणेशीं भिंती ताडून पाहत चॅपेल व खिडकी निश्चित करण्यांत आली, आणि २००४ मध्यें अस्थि हातीं आल्या. हैदराबादच्या पेशीविज्ञान संस्थेनें त्यांची जनुकीय तपासणी केली. मातृपरंपरेनें येणारी जी खूण त्यांत मिळाली, ती भारतांतील हजारों नमुन्यांत न आढळणारी व जॉर्जियांत आढळणारी ठरली. २०२१ मध्यें भारत सरकारनें या अस्थींचा अंश जॉर्जियास अर्पण केला.

या हकीकतीचा अर्थ नीट ध्यानांत घ्यावा. कागद नसता तर कोठें पाहावें हें कळलें नसतें. भिंतीचा तळ व खिडकीचा उंबरा जागेवर नसता, तर कागद व्यर्थ होता. ढिगारा एखाद्या ठेकेदारानें गाड्या भरून उचलला असता, तर दोन्ही असून कांहीं निष्पन्न झालें नसतें. आणि एखाद्या उत्साही मनुष्यानें मधल्या काळांत ती भिंत ‘सुधारून’ खिडकी हातभर सरकविली असती, तर? मग सापडलेल्या अस्थि कोणाच्या हें ठरविण्यास स्थळाचा पुरावाच उरला नसता. दगडावर दगड मूळ जागीं असणें, यांतच त्याची प्रामाण्यता आहे.

७

येथवर दुसऱ्यांचे दोष दाखविले. आतां थोडें आपल्यांकडे पाहूं. भग्न वास्तूंतून कोरीव दगड, लेखाचा तुकडा, झिलईच्या फरशीची खपली घरीं आणून ठेवणारे लोक अडाणी असतात असें नाहीं. आम्हीं अशा संग्रहांत हात घालून पाहिलेलें आहे. रंगीत फरशीचा एक सुंदर तुकडा एकदां आमच्या पुढ्यांत ठेवण्यांत आला. ‘गोव्याकडचा’ यापलीकडे त्याची माहिती मालकास नव्हती. कोणत्या भिंतीवरचा, किती उंचीवरचा, कोणीं व केव्हां आणला, हें कांहींच नाहीं. तो तुकडा वांचविल्याचें समाधान मालकाच्या मुखावर होतें, आणि आम्हींही त्या वेळीं तोंडदेखलें कौतुक केलें. आज वाटतें, तें करावयास नको होतें. पोथींतून फाडून काढलेलें चित्र कितीही जपून ठेविलें, तरी पोथी फाटली ती फाटलीच.

म्हणून आमची वाचकांस विनंति अशी आहे. ज्यांच्या संग्रहीं अशा वस्तु आहेत त्यांनीं त्या कोठून आल्या याची, आठवत असेल तेवढी, नोंद आजच करून ठेवावी. ज्यांच्यापाशीं जुन्या चर्चचीं, देवळांचीं, गढ्यांचीं छायाचित्रें किंवा मोजणीचे कागद आहेत, त्यांनीं तीं प्रकाशांत आणावीं. भिंत पडल्यावर तींच तिची शेवटची प्रत असते. आणि वसईच्या किल्ल्यांतील चर्चांपासून आपल्या गांवच्या पडक्या मठापर्यंत कोठेंही दुरुस्तीचें काम निघाल्यास, काम सुरू होण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे : आज आहे त्या स्थितीची मोजणी व चित्रें झालीं आहेत काय? नवा दगड कोणता व जुना कोणता हें पन्नास वर्षांनीं येणाऱ्यास ओळखतां येईल काय? वापरावयाचा चुना मूळ दगडाहून मऊ आहे काय? हे प्रश्न विचारण्यास स्थापत्यशास्त्राची पदवी लागत नाहीं. कागद वाचतांना जी सावधगिरी आपण रोज बाळगतों, तेवढीच लागते.

संत ऑगस्टीनचा मनोरा अजून उभा आहे. त्याचा अर्धा भाग पडलेला आहे, व तो पुन्हां बांधावा असें आमचें म्हणणें नाहीं. उरलेला अर्धा पुढच्या पावसाळ्यांत व त्याच्या पुढच्याही पावसाळ्यांत उभा राहावा, आणि त्यावर आपला हात जेथें फिरला तेथें तो फिरल्याची खूण राहावी, इतकेंच आमचें मागणें आहे.